राखेचा बर्फ

गुरुजींची गोष्ट मी सांगायला घेतली की आमच्या घरातली माणसं एकदम कामाला लागतात. बायकोला आठवतं की गव्हाला ऊन दाखवायचं राहिलंय. थोरला मुलगा मोटारसायकल पुसायला घेतो. एरवी ती पोळ्याच्या बैलासारखी वर्षातून एकदाच धुतली जाते. धाकटी तेवढी समोर बसते, पण तीही म्हणते, "बाबा, जल्दी शेवटाकडं चला." शेवटाकडं जाता येतं, पण वाटेत एके ठिकाणी मी खोटं बोललेलो आहे आणि ते ठिकाण चुकवता येत नाही. म्हणून मी आपला हळूहळू जातो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या धावड्याची शाळा म्हणजे पाटलाच्या घराला लागून असलेली एक लांबट खोली. पूर्वी तिथे बैल बांधत. पुढे पाटलानं बैल हलवले आणि आम्हाला बांधलं. गावात दुसरी जागा नव्हती. पाटलानं खोली काढून घेतली तर वरचे लोक शाळा उचलून दुसऱ्या गावाला देतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पाटील दारावरून गेला की आम्ही पाढे जरा मोठ्यानं म्हणायचो.

गुरुजी उंच, वाळलेले, वर गळ्यापर्यंत बंद शेरवानी आणि खाली धोतर. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा. स्वभाव एकाच गोष्टीत सांगता येतो: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते काही मान्य करत नसत. आम्ही एकदा विचारलं, गुरुजी, तुमचं लग्न झालंय का? तर म्हणाले, "झालं असं घरचे सांगतात. मी पाच वर्षांचा होतो, झोपून गेल्तो." हजेरी घेताना नुसतं "हाजिर" म्हणून भागायचं नाही. गुरुजी उठून जवळ यायचे, चष्मा वर करून तोंड बघायचे आणि मग खूण करायचे. स्वतःची हजेरी मांडायची वेळ आली की आरसा नसल्यामुळे त्यांची पंचाईत व्हायची. मग ते आम्हालाच विचारायचे, मी आलो का? आम्ही एका सुरात सांगायचो, आलात. तेव्हा कुठे ते स्वतःला मांडून घ्यायचे.

अशा माणसाच्या हातात एका हिवाळ्यात वरून एक कागद आला. कागद उर्दूत होता आणि त्यात हिवाळ्यातला निसर्ग मुलांना कसा दाखवावा ते लिहिलं होतं. कुणीतरी कुठल्यातरी थंड मुलखातलं पुस्तक समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं असावं. गुरुजींनी आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. मुलांनी सकाळी बर्फावर उमटलेली जनावरांची पावलं पाहावीत. हिवाळाभर झोपून राहणाऱ्या प्राण्यांची यादी करावी. सुट्टीच्या दिवशी घरच्या माणसांना घेऊन रानात जावं आणि खाण्याजोगं जे मिळेल ते ओळखून गोळा करावं.

धावड्यात बर्फ कुणी पाहिला नव्हता. पौषात माठातलं पाणी दाताला झोंबायचं, म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायचे, पण वरून काही पडायचं नाही. दुसऱ्या कुणी कागद गुंडाळून कोनाड्यात ठेवला असता. गुरुजी म्हणाले, "कागद आला हे मी पाहिलं. बर्फ न्हाई हे बी पाहिलं. दोन्ही बराबर हाये. मधलं काय ते आपल्याला करायचंय."

मधलं म्हणजे राख. बर्फ पांढरा असतो, मऊ असतो, जमिनीवर पसरलेला असतो एवढं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी फर्मान काढलं की दर मुलानं घरून पाटीभर राख आणावी. आमच्या आईचं यावर म्हणणं एवढंच होतं की मग भांडी काय बर्फानं घासू? पण शाळेचं काम म्हणून सगळ्यांनी राख दिली. ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर आम्ही ती चाळणीनं पसरली आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन तिथे ओळीनं बसलो. पहिलंच पाऊल सापडलं ते माणसाचं. गुरुजींनी पालथं पडून निरखलं आणि वहीत लिहिलं: माणूस एक, जोडा डाव्या बाजूला झिजलेला. मग स्वतःचा जोडा उलटून पाहिला आणि पुढं लिहिलं: मी.

हसू नका. महिनाभरात आम्हाला मुंगूस, ससा, तितर, कोल्हा बोटांवरून ओळखू यायला लागले. लोक विचारायला यायचे की आमची शेळी कुणीकडं गेली. आम्ही सांगायचो आणि शेळी तिथे असायची. मी त्यात पहिला होतो, हे सांगितलं की बायको पाखडता पाखडता सुपाआडून म्हणते, "आणि आता घरातली चप्पल सापडत न्हाई."

झोपणाऱ्या जनावरांचं काम मात्र मला महागात पडलं. गुरुजींनी यादी मागितली. साप, घोरपड असं सगळ्यांनी लिहिलं आणि गुरुजींनी सगळ्यांचं खोडलं, कारण झोपलेला साप कुणी पाहिला नव्हता. मी लिहिलं: पाटील, दुपारी, ओट्यावर. वाटलं, छडी बसेल. गुरुजी गंभीर झाले. म्हणाले, नोंद चांगली आहे पण अपुरी आहे. हिवाळाभर झोपतो का ते पाहायला पाहिजे. मग सगळा पौष आणि माघ मी रोज दुपारी पाटलाच्या ओट्यासमोर उभा राहून पाटील झोपला की नाही ते पाटीवर लिहीत होतो. पाटील एकदा डोळे किलकिले करून म्हणाला, "काय करून राह्यला रे?" मी म्हणालो, "अभ्यास." तो बरं म्हणून कुशीवर वळला. तेही मी लिहिलं.

आणि शुक्रवार. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. त्या दिवशी आम्ही पोरं, पोरांच्या आया, काखेतली भावंडं, असा सगळा लवाजमा गुरुजींच्या मागून रानात निघायचा. बोरं, कवठं, आवळे, बाभळीचा डिंक, करडईचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला, ओल्या शेतातली पाथरी, बांधावरचा चाकवत. बायकांना ही भाजी कळत्या वयापासून ठाऊक होती. गुरुजींना ठाऊक नव्हती. पण शिकवायचं काम गुरुजींचं. त्यामुळे बायका पान खुडून गुरुजींना सांगायच्या, गुरुजी ते पाहून आम्हाला सांगायचे आणि आम्ही ते घरी जाऊन आयांना सांगायचो.

या सगळ्यांत पुढं असायच्या पाटलाच्या मातुःश्री. गाव त्यांना थोरल्या बाई म्हणायचं. सत्तरी ओलांडलेली, जीभ कुऱ्हाडीसारखी, आणि रानात त्यांच्याइतकं कुणाला काही कळत नव्हतं. गुरुजींशी त्यांचं दर शुक्रवारी भांडण व्हायचं. कारण गुरुजींचा नियम असा की रानातली कोणतीही नवी वस्तू आधी त्यांनी खायची, मग सावली काठीभर सरकेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, आणि त्यांना काही झालं नाही तरच मुलांनी तोंड लावायचं. भाकरी सोडलेल्या, मीठ-मिरची काढलेली, हातात धुतलेली पाथरी, आणि पन्नास माणसं गुरुजींच्या तोंडाकडे बघत बसलेली.

"मास्तर," थोरल्या बाई म्हणायच्या, "ही पाथरी हाये. मी जन्मल्यापासून खाते."

"बाई, तुम्ही जन्मल्यापासून खाता, मी आज खाल्ली. थांबा जरा."

मग त्या गुरुजींच्या समोरच फतकल मारून बसायच्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवायच्या. सावली सरकली की त्या गुरुजींच्या नाकाशी हात धरायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "मेला न्हाई. खा लेकरांनो." पाथरी मला अजून आवडते. पण तिच्याआधी थोडा वेळ थांबल्याशिवाय ती कडू लागते, असं माझं मत आहे. घरात हे मत कुणी विचारत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात थोरल्या बाई गेल्या. गुरुवारी हरभऱ्याचा पाला खुडून आणला, वाळत घातला, आणि शुक्रवारी उठल्याच नाहीत. त्या शुक्रवारी आम्ही रानात गेलो नाही. गुरुजी पाटलाच्या दारी गेले, बाईंच्या नाकाशी बराच वेळ हात धरून बसले, आणि परत आले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस जिथं गेलं तिथं जमिनीवर पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, आणि पिठावर वेताची पाटी पालथी घालतात. तेराव्याच्या सकाळी पाटी उचलायची आणि पिठावर कशाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेलं. आमच्या गावात हे काम एक म्हातारे गृहस्थ करत. त्यांना दिसायचं कमी. ते वाकून म्हणायचे, "गाईचं खूर." सगळे हात जोडायचे आणि जेवायला बसायचे. मला आठवतं तेव्हापासून धावड्यात मेलेलं प्रत्येक माणूस गायच झालं होतं.

पण पाटलाचे केदारखेड्याचे पाहुणे मागं एकदा हसले होते. म्हणाले होते, तुमच्यात मेलं की जो तो गाय होतो, मग एवढ्या गाई हायेत कुठं? ते पाटलाच्या मनाला लागलं होतं. आपल्या मायच्या वेळेला कुणी हसायला नको, म्हणून त्यानं गुरुजींना बोलावलं. गावातली शेळी पावलावरून शोधून देणारा माणूस; तो गाय म्हणाला की केदारखेडंसुद्धा गप्प बसेल. पाटील म्हणाला, तुम्ही बघा आणि शाळेच्या कागदावर लिहून द्या. गुरुजी म्हणाले, जे दिसेल तेच लिहीन. पाटील म्हणाला, मला तेच पाहिजे. दोघंही खूश होते.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. केदारखेड्याचे पाहुणे पुढं बसले होते. गुरुजींनी पाटी उचलली आणि मला पुढं ढकललं. पहिला विद्यार्थी म्हणून.

मला वाकायच्या आधीच दिसलं. पुढं चार बोटांची बारकी पावलं, मागं पाच बोटांची, मधून शेपटीची रेघ, आणि एका कोपऱ्यातलं पीठ खाल्लेलं. वर पाहिलं तर पाटलाचे डोळे माझ्यावर. बायकांत माझी आई उभी होती. ती आवाज न करता नुसते ओठ हलवत होती आणि त्या ओठांवर गाय होती.

मी म्हणालो, "गाय."

सगळ्या घरानं श्वास सोडला. गुरुजींनी मात्र चष्म्याचा दोरा नीट केला आणि विचारलं, गाईच्या खुराचे भाग किती? मी म्हणालो, दोन. आणि इथं बोटं किती? मी म्हणालो, चार. शेपूट कुठवर घासलीय? मी म्हणालो, जमिनीला. "अशी गाय तू कुठं पाहिली?"

खोटं बोलायला लागलं की माणूस तपशील द्यायला जातो. मी म्हणालो, "केदारखेड्याला."

पाहुण्यांतलं कुणीतरी उठून उभं राहिलं. कुणीतरी त्याला खाली बसवलं. तोवर गुरुजी शेरवानीसकट पालथे पडले होते. बराच वेळ त्यांचा चष्मा आणि पीठ यांच्यात टीचभर अंतर होतं. मग ते उठले, मिशीला पीठ लागलेलं तसंच, आणि कागदावर लिहून मोठ्यानं वाचलं: पिठावर उंदराची पावलं पाहिली. उंदीर एक. पीठ थोडं खाल्लं. गाय दिसली नाही. हे शेवटचं वाक्य आपण पाटलाच्या समाधानासाठी घातलं, असं ते पुढं सांगायचे. गाय दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असं काही त्यांनी म्हटलेलं नव्हतं.

पाटील ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, उंदीर खोडा. गाय लिहा."

"पाहिली न्हाई, पाटील."

"मंग उद्या खोली खाली करा."

गुरुजी बराबर हाये म्हणाले, कागद पाटलाच्या हातात दिला, आणि न जेवता निघाले. मी जेवून निघालो. हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी फळा, घंटा आणि हजेरीची वही आम्ही ओढ्याकाठच्या चिंचेखाली नेली. तिथं सकाळी ऊन पोचत नव्हतं. मुलं शिंकायला लागली, आया त्यांना घरी ठेवायला लागल्या. चार दिवसांत निम्मी शाळा गळाली. आता वर खबर जाणार आणि शाळा जाणार, हे दिसत होतं. गुरुजी शेरवानीत कुडकुडत शिकवायचे. मला त्यांनी मारलं नाही. फक्त पावलं बघायच्या ओळीत पहिल्या जागेवरून उठवून शेवटी बसवलं. म्हणाले, "तुला दिसतं बराबर. तुला भ्या वाटतं. दोन्ही येगळं हाये."

तिकडं पाटलाच्या घरातली बातमी बायका ओढ्यावर आणत होत्या. पाटलानं मांजर देऊन टाकलं होतं. पिंजरे अडगळीत टाकले होते. धान्याच्या कणगीखालून उंदीर निघाला की पाटील पागोटं काढून हातात घ्यायचा आणि उठून उभा राहायचा. पाटलीणबाईंच्या अंथरुणावरून उंदीर पळायचे आणि त्यांनी डोक्यावर पदर घ्यायचा, कारण न जाणो, सासूबाई असायच्या.

पाचव्या दिवशी पाटील चिंचेखाली आला. आम्ही पाढे मोठ्यानं म्हणायला लागलो. त्यानं हातानं थांबवलं आणि गुरुजींच्या समोर जमिनीवर बसला.

"तुमी खोली सोडली, गाय लिवली न्हाई. म्हंजे उंदीर खराच."

"पाहिलेला हाये."

"मंग सांगा, कोणता?" पाटलाचा आवाज घोगरा होता. "घरात गावभराचे उंदीर झालेत. सगळ्यांपुढं वाकून वाकून कंबर गेली माझी. माय कोणती ते तरी कळू द्या."

गुरुजींनी विचार केला. बघावं लागेल, म्हणाले. त्याच दुपारी फळा खोलीत परत गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी शाळा पाटलाच्या माजघरात भरायला लागली.

चुलीपासून कणगीपर्यंत आम्ही राख चाळली. पाटील रोज चुलीच्या तोंडाशी एक बोर ठेवायचा. सकाळी आम्ही पावलं मोजायचो, मापायचो, लांब शेपटीचे आणि आखूड शेपटीचे उंदीर वेगळे मांडायचो. पाटलीणबाई कडेकडेनं, भिंत धरून स्वयंपाकाला जायच्या. गुरुजींच्या वहीची पानंच्या पानं भरली आणि महिन्याच्या शेवटी ते पाटलाला म्हणाले की पावलावरून उंदीर कळतो, माय कळत नाही. ते त्यांना दिसलं नाही, म्हणून सांगता येणार नाही.

पण रोज सकाळी आम्ही यायच्या आधीच पाटील चुलीजवळ भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा, घोंगडी गुडघ्यांपर्यंत, हलायचा नाही. दुपारी झोपायचंही त्यानं सोडलं होतं. एक दिवस आम्ही आत आलो तर म्हणाला, "सापडली. वहीत लिहा, गुरुजी."

"मी न्हाई पाहिलं. तुम्ही पाहिलं, तुम्ही लिहा."

इथं अडलं. पाटलाला लिहिता येत नव्हतं. कागदपत्रांवर तो सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायचा. गुरुजींना विनवणी करून झाली, दटावून झालं. गुरुजी न पाहिलेलं लिहीनात. शेवटी पाटलानं पागोटं सारखं केलं आणि आमच्या पुढच्या ओळीत, पहिलीच्याही खालच्या, बिगारीच्या पोरांशेजारी मांडी घातली.

त्याला अक्षरं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी शेवटच्या जागेवरचा, म्हणून. पंचेचाळिशीचा माणूस, मूठ नांगराची, पेन्सिल तिच्यात सापडायची नाही. दिवसाला तीन-तीन पेन्सिली मोडायच्या. मी त्याला 'म' दाखवला की तो म्हणायचा, हे तर खुरपं हाये, आणि बरोबर काढायचा. काना मात्र त्याला पटायचा नाही. एवढ्या दांडीनं आवाज कसा बदलतो, असं विचारायचा. मी त्याला पुन्हा दांडी काढायला लावायचो. पण माघ संपायच्या आत पाटलाला लिहिता आलं. आणि एक दिवस सकाळी त्यानं वही गुडघ्यावर घेतली, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि सगळ्या शाळेदेखत लिहिलं. तेवढं होईस्तोवर ऊन उंबरा ओलांडून आत आलं.

माय आली. बोर खाल्लं. कणगीमागं गेली.

गुरुजींनी वही घेतली, चष्मा वर केला, लाल पेन्सिल काढली. पहिला शब्द जाणार हे मला कळत होतं. ते तिथं उंदीर लिहिणार. पाटलालाही कळत असावं, कारण त्यानं घोंगडी मुठीत धरली होती.

पेन्सिल पहिल्या शब्दावर थांबली. मग पुढं सरकली. तिसऱ्या वाक्यापाशी गुरुजींनी विचारलं, "कणगीमागं जाताना पाहिली?"

पाटलानं आठवून पाहिलं. "न्हाई. डोळ्यात पाणी आल्तं. पुसून बघतो तर नव्हती."

गुरुजींनी वही पुढं केली. मग पाटलानंच त्यांच्या हातातून लाल पेन्सिल घेतली आणि आपलं तिसरं वाक्य, एकेक अक्षर करून, खोडलं.

गुरुजींनी उरलेलं पुन्हा एकदा वाचलं आणि खाली लिहिलं: बराबर.